इंग्लंडमधल्या गावातला पब: खाण्यापिण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’. गावातल्या पबमध्ये त्यातलं ‘हाउस’ अजून टिकून आहे. बुटकं छत, पेटलेली शेकोटी, टेबलाखाली झोपलेला कुणाचा तरी कुत्रा, आणि पब चालवणारं कुटुंब बरेचदा वरच्याच मजल्यावर राहणारं. मुंबई-पुण्यात पब म्हटल्यावर जो दणदणाट आणि अंधार आठवतो, त्याचा इथे मागमूस नसतो. इंग्लंडमध्ये राहायला किंवा फिरायला आलेल्या मराठी मंडळींना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कायद्याचे तपशील इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमध्ये काही नियम वेगळे आहेत.

आत गेल्यावर बसायचं कुठे? ऑर्डर घ्यायला कुणी येतं का?

बहुधा कुणी येत नाही. टेबलावर काटे-चमचे मांडलेले असतील किंवा ‘रिझर्व्ड’ची पाटी असेल तर ती जागा जेवणाऱ्यांसाठी राखलेली असते. मोकळी टेबलं सगळ्यांची. जेवायचं असेल तर आधी काउंटरवर जाऊन तसं सांगा, म्हणजे कुठे बसायचं ते कळेल. टेबलाचा नंबर लाकडावर कोरलेला किंवा छोट्या पितळी बिल्ल्यावर असतो. ऑर्डर द्यायला उठण्याआधी तो बघून ठेवा, कारण काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो.

पुढचा क्रम असा: काउंटरवर पदार्थ सांगायचे, नंबर सांगायचा, तिथेच पैसे द्यायचे, पेयं आपल्या हातांनी टेबलावर न्यायची. जेवण मागून टेबलावर येतं. सॉस आणि काटे-चमचे काही ठिकाणी भिंतीलगतच्या कपाटावरून आपणच घ्यायचे असतात. जेवणावर भर देणाऱ्या पबमध्ये टेबलापाशी ऑर्डर घेतात, पण ते तुम्हाला बसवतानाच सांगतात. कुणी काही बोललं नाही तर उठून जायचं. टेबलाशी वाट बघत अर्धा तास गेला, ही नवख्यांची सर्वांत नेहमीची तक्रार आहे.

काउंटरवर रांग दिसत नाही. नंबर कसा लागतो?

रांग असते, ती लोकांच्या लक्षात असते. सगळे काउंटरच्या कडेला पसरून उभे राहतात आणि आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला माहीत असतं. काउंटरच्या आत उभ्या माणसाने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर शेजाऱ्याकडे हात करून ‘दे वेअर बिफोर मी’ म्हणा. या एका वाक्याने गावात तुमची पत वाढते. नोटा हलवणं, चुटकी वाजवणं, लांबून हाक मारणं टाळा. काउंटरजवळ उभं राहून नजरेला नजर मिळाली की पुरे.

सगळी ऑर्डर एकदम सांगा, आणि त्यात गिनेससारखा स्टाउट (काळी, दाट बिअर) असेल तर तो सर्वांत आधी. तो अर्ध्याहून जास्त भरून थोडा वेळ स्थिरावू देतात आणि मग वर भरतात. शेवटी सांगितलात तर मागचे सगळे ताटकळतात.

‘राउंड’ म्हणजे नेमकं काय?

चौघे एकत्र आले तर एक जण चौघांची पेयं आणतो, पुढच्या खेपेला दुसरा. हिशेब वहीत नसतो, पण विसरलाही जात नाही. तुम्ही फक्त लाइम-सोडा पीत असलात तरी एक राउंड तुमचा असतोच. कमी प्यायचं असेल तर सुरुवातीलाच ‘मी माझं माझं घेतो’ असं सांगितलेलं चालतं. तीन राउंड दुसऱ्यांचे पिऊन निघून जाणं मात्र लोकांच्या मनात राहतं.

काउंटरवर लाकडी दांड्याचे पंप आणि साधे नळ, दोन्ही असतात. फरक काय?

नळातून येते ती केग बिअर: बहुधा गाळलेली, थंड, वरून गॅसचा दाब दिलेली. लागर (आपल्याकडे मिळते तसली फिकट बिअर), सायडर (सफरचंदाची दारू), गिनेस नळातून येतात. उंच दांड्याचा हातपंप असतो तो कास्क एलसाठी, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरसाठी. गावातल्या पबला येऊन एकदा तरी चाखावी अशी गोष्ट हीच. १९७१ साली ‘कॅमरा’ ही संघटना स्थापन झाली ती ही बिअर नाहीशी होऊ नये म्हणून. इंग्रज ज्याला ‘रिअल एल’ म्हणतात ती हीच.

कास्क एल पबमध्ये पोचते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं आणि पिंपात आंबणं चालूच असतं. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात: ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, सुमारे ४१ लिटर. तळघरात ते आडवं ठेवतात आणि हलू देत नाहीत. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू निघून जातो. जोर ओसरला की ती काढून घट्ट खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. यीस्ट तळाशी बसून बिअर नितळ व्हायला एखाद-दोन दिवस लागतात. मगच ती पंपाला जोडतात. पहिला पाइंट निघाला की पिंपात हवा शिरू लागते, आणि तिथून साधारण तीन दिवसांत पिंप संपायला हवं. इतकं सगळं पब चालवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून एकाच कारखान्याची तीच बिअर एका गावात सुरेख आणि शेजारच्या गावात फिकी लागू शकते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. मंगळवारी दुपारी रिकाम्या पबमध्ये आठ हातपंप दिसले तर आठही पिंपं ताजी असण्याची शक्यता कमी. दोन-तीन पंप आणि सतत खपणारी बिअर, हे लक्षण चांगलं. ‘सगळ्यांत जास्त कुठली जाते?’ असं विचारा आणि तीच घ्या. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली किंवा अजून तयार नाही.

नवख्याने कुठली मागावी?

बिटर हा नेहमीचा प्रकार: तांबूस, ३.५ ते ४.५ टक्क्यांच्या आसपास, शेवटी कडवट चव. नावाला घाबरू नका, कडूपणा कारल्याचा नसतो, चहाच्या तुरटपणाजवळचा असतो. माइल्ड बहुधा काळसर, हलकी आणि गोडसर. मिळाली तर जरूर घ्या, आता ती थोड्याच ठिकाणी असते. लागरची सवय असेल तर गोल्डन एल सर्वांत जवळची. ठरत नसेल तर चव मागा. छोट्या पेल्यात घोटभर फुकट देतात. एक-दोन चवी ठीक, गर्दीच्या वेळी पाच मागू नयेत.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला ‘आय’ इंडियाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची आणि पुढे बर्टन गावची फिकट, जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली बिअर जहाजांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येई. हॉप्समुळे ती लांबच्या प्रवासात टिके. आज हातपंपावर आयपीए लिहिलेली बिअर मात्र कित्येकदा साध्या बिटरइतकीच सौम्य असते.

ही बिअर कोमट आणि गॅस गेलेली का लागते?

कोमट नसते. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवतात. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार प्यायची सवय, म्हणून जीभ फसते. कास्क एल फार गार केली तर चव दबते आणि ती धुरकटही होते. गॅस कमी असतो कारण बाहेरून घातलेला नसतो. पण जिभेवर हलकी चुणचुण जाणवलीच पाहिजे. अगदीच मेलेली लागली तर पिंप जुनं झालं आहे.

उत्तर इंग्लंडमध्ये पंपाच्या तोंडावर बारीक छिद्रांची जाळी लावतात, तिने साईसारखा दाट फेस येतो. दक्षिणेत ती नसते आणि फेस विरळ असतो. दोन्हीकडची माणसं आपलीच पद्धत बरोबर असं ठामपणे सांगतील.

बिअर बिघडलेली आहे हे कसं ओळखायचं? परत देता येते का?

येते, आणि द्यावी. व्हिनेगरचा आंबट वास म्हणजे पिंपात हवा जाऊन फार दिवस झाले. उजेडात धरल्यावर गढूळ दिसली आणि यीस्टची चव आली तर पिंप हललं आहे किंवा तळाला आलं आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअर शिळी. पब उघडल्यावरचा पहिलाच पाइंट बेचव लागला तर रात्रभर नळीत थांबलेली बिअर आधी काढून टाकलेली नसते.

दोन घोटांतच ठरवा. अर्धा पेला संपवून तक्रार केली तर कुणी गंभीरपणे घेत नाही. पेला काउंटरवर नेऊन हळू आवाजात सांगा, ‘आय थिंक धिस वन हॅज गॉन ऑफ’. चांगला पबवाला स्वतः वास घेतो, बदलून देतो, गरज पडली तर पंपाची पाटी उलटी फिरवतो. नुसती चव आवडली नाही म्हणून बदलून मागणं मात्र योग्य नाही. त्यासाठीच आधी चव बघायची. काही बिअर मुद्दाम गढूळ ठेवलेल्या असतात, तसं पाटीवर लिहिलेलं असतं.

मापं कशी असतात?

पाइंट ५६८ मिलिलिटर, हाफ २८४. तृतीयांश आणि दोन-तृतीयांश पाइंटही कायद्याने चालतात. पेल्यावर रेघ नसेल तर काठापर्यंत पाइंट धरतात आणि फेसाला त्यात थोडी जागा असते. फेस फार वाटला तर ‘टॉप-अप, प्लीज’ म्हणा, लगेच भरून देतात.

व्हिस्की, जिनचं माप २५ किंवा ३५ मिलिलिटर, त्या पबचं जे ठरलेलं असेल ते. आपल्या ६०च्या लार्ज पेगची अपेक्षा ठेवून सिंगल मागितलात तर पेला रिकामाच वाटेल. वाइन १२५, १७५ आणि २५० मिलिलिटरमध्ये मिळते. नुसतं ‘अ ग्लास ऑफ वाइन’ न म्हणता माप सांगा. २५० म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा.

गाडी चालवायची असेल तर किती चालेल?

काही नको, हाच आमचा सल्ला. इंग्लंडमध्ये मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे, स्कॉटलंडमध्ये ५०. पण ‘एक पाइंट चालतो’ असा हिशेब माणसागणिक बदलतो. ४ टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये सुमारे २.३ युनिट (अल्कोहोल मोजायचं इथलं माप) असतात आणि एक युनिट उतरायला साधारण एक तास लागतो. रात्री चार पाइंट घेतले तर सकाळी उठल्यावरही धोका असू शकतो. खेड्यात शेवटची बस संध्याकाळीच जाते आणि टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही. ती दुपारीच ठरवून ठेवा किंवा वर खोल्या असलेला पब निवडा.

जेवण कधी मिळतं?

पब उघडा म्हणजे स्वयंपाकघर उघडं, असं नसतं. दुपारी बहुधा १२ ते अडीच, संध्याकाळी ६ ते ९ च्या आत ऑर्डर घेतात. रविवारी रोस्ट संपला की स्वयंपाकघर बंद होतं, आणि सोमवारी कित्येक गावांत जेवण नसतंच, काही ठिकाणी पबही बंद असतो. डोंगर चालून पावणेतीनला पोचलेल्यांना मग वेफर्सची पुडी आणि शेंगदाण्यांवर भागवावं लागतं. चालायला निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. वेबसाइटवरच्या वेळा नेहमी ताज्या नसतात.

संडे रोस्टमध्ये काय काय असतं आणि तो चांगला कधी मिळतो?

भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, भाज्या, यॉर्कशर पुडिंग आणि ग्रेव्ही (मांसाच्या रसाचा पातळ सॉस). बीफसोबत हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचा सॉस येतो. मोहरी फेसल्यावर नाकात जो झणका जातो तसाच त्याचा असतो, तेव्हा आधी टोकावर घ्या. लॅम्बसोबत मिंट सॉस: पुदिना, व्हिनेगर आणि साखर, आपल्या चटणीशी नातं फक्त पुदिन्यापुरतं. पोर्कसोबत सफरचंदाचा सॉस.

यॉर्कशर पुडिंग गोड नसतं. मैदा, अंडी, दूध यांचं धिरड्याच्या पिठासारखं पातळ मिश्रण धूर येईल इतक्या तापलेल्या चरबीत ओतून कडक भट्टीत भाजतात. चरबी पुरेशी तापली नसेल किंवा मध्येच भट्टीचं दार उघडलं तर ते फुगत नाही. चांगलं असेल तर कडा कुरकुरीत आणि मधे ग्रेव्ही साठवायला खळगा. चामट आणि बसलेलं आलं तर ते सकाळी करून पुन्हा गरम केलेलं आहे.

साडेबारा-एकचं टेबल आधी राखून ठेवा. तीननंतर मांस बराच वेळ गरम ठेवलेलं असतं, बटाट्यांचा कुरकुरीतपणा गेलेला असतो, आणि बीफ बहुधा सर्वांत आधी संपतं.

बीफ किंवा पोर्क खात नाही. नावावरून न कळणारे पदार्थ कोणते?

हा प्रश्न नीट वाचण्यासारखा आहे, कारण इथे मेन्यूतली नावं फसवतात. स्कॉच एग म्हणजे उकडलेल्या अंड्याभोवती डुकराच्या मांसाचा खिमा. सॉसेज म्हटलं आणि पुढे काही लिहिलं नाही तर बहुधा पोर्क; म्हणून ‘बँगर्स अँड मॅश’ आणि ‘टोड इन द होल’ दोन्हींत पोर्क. गॅमन म्हणजे मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी. ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं. ‘पाय’ म्हणजे सारण पारीत भरून किंवा वरून झाकून भाजलेला पदार्थ: कॉटेज पायमध्ये बीफचा खिमा, शेफर्ड्स पायमध्ये लॅम्बचा. स्टेक अँड एल पायमध्ये बीफ. तो सगळीकडून पारी असलेला असेल तर उत्तम, नुसत्या वाडग्यावर पफ पेस्ट्रीचं झाकण असेल तर जाणकार त्याला पाय म्हणायला तयार नसतात.

न दिसणारी चरबी जास्त त्रासाची. स्यूट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ती ‘स्पॉटेड डिक’ या गोड पदार्थात आणि नाताळातल्या मिन्स पायच्या सारणात असू शकते, जरी सारण मनुका-बेदाण्यांचं असलं तरी. वनस्पतीजन्य स्यूटही मिळतो, म्हणून विचारा. भाजलेले बटाटे बीफच्या किंवा बदकाच्या चरबीत केलेले असू शकतात. यॉर्कशरकडे फिश अँड चिप्स बीफच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. विचारताना ‘इज देअर बीफ इन इट?’ पुरत नाही, ‘व्हॉट फॅट इज इट कुक्ड इन?’ असं विचारा.

शाकाहारी माणसाला काय मिळेल? आणि बिअर शाकाहारी असते का?

मशरूम किंवा चीजचा पाय, भाज्यांची लझानिया, रविवारी दाणे-सुक्यामेव्याचा नट रोस्ट, जॅकेट पोटॅटो (सालीसकट भाजलेला बटाटा), सूप आणि पाव. नट रोस्टवर ओतायची ग्रेव्ही वेगळी आहे का हे विचारा. स्वयंपाकघरात नेहमीची चूक इथेच होते. सुपात मांसाचा स्टॉक असू शकतो. चिप्स माशांच्याच कढईत तळलेल्या असतात का, तेही विचारावं. वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो आणि चीज-टोस्टवर तो सर्रास शिंपडतात.

प्लाउमन्स लंच, म्हणजे पाव, चीज, कांदा आणि पिकल, हे दुपारचं छान खाणं. पाव-चीज-कांदा जुनाच, हे नाव लोकप्रिय झालं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, चीज खपवणाऱ्यांच्या जाहिरातींतून. हॅमसह येणाराही प्रकार असतो, म्हणून ‘चीज प्लाउमन्स’ म्हणा. त्यातलं पिकल गोड-आंबट, तपकिरी, भाज्यांच्या तुकड्यांचं. त्यात आपल्या लोणच्याचं तेल किंवा तिखट नसतं. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) चालत नसेल तर तेही विचारा, बरीच चेडर आता त्याविना बनतात.

बिअरचं म्हणाल तर कास्क एल नितळ करायला अनेक ठिकाणी आयझिंग्लास वापरतात. ते माशाच्या वाताशयापासून होतं. त्यातलं कोलॅजन यीस्टच्या कणांना धरून तळाशी नेतं. पेल्यात ते फारसं येत नाही, पण तत्त्व पाळणाऱ्याला हे माहीत असायला हवं. ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलेल्या बिअरमध्ये ते नसतं. गिनेसनेही आता ते सोडलं आहे.

आई-बाबा भारतातून आले आहेत, माळकरी आहेत. त्यांना पबमध्ये नेलं तर चालेल का?

नक्की न्या. दुपारी तीन-चारच्या सुमाराला, बागेतल्या टेबलावर किंवा शेकोटीजवळ. चहा-कॉफी बहुतेक ठिकाणी मिळते, न पिणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. लाइम अँड सोडा स्वस्त आणि सुरक्षित. लेमनेड मागितलंत तर पारदर्शक, गोड, गॅसचं पेय येईल, लिंबू सरबत नाही. जिंजर बिअर बहुधा बिनदारूची, पण दारू असलेलीही मिळते, बाटली बघून घ्या. शँडीत अर्धी बिअर असते. साधं पाणी फुकट देणं पबला कायद्याने बंधनकारक आहे.

खायला बीन्स घातलेला जॅकेट पोटॅटो किंवा चिप्स. कांद्याची भजी समजून ओनियन रिंग्ज मागवू नका, पिठात बिअर असू शकते. ट्रायफल या गोड पदार्थात बहुधा शेरी ही दारू असते. अ‍ॅपल क्रंबल कस्टर्डसह बरं पडतं. कस्टर्डमध्ये अंडं आहे का एवढं विचारा.

मुलांना नेता येतं का?

हो, मोठ्यांसोबत. काही पब रात्री आठ-नऊनंतर मुलांना थांबू देत नाहीत. दारू विकत घेण्याचं वय १८. सोबतच्या मोठ्या माणसाने विकत घेतली तर १६-१७ वर्षांच्या मुलांना टेबलावरच्या जेवणासोबत बिअर, वाइन किंवा सायडर कायद्याने चालते, पण पब नकार देऊ शकतो. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. आधार कार्ड चालणार नाही, पासपोर्ट ठेवा.

टिप द्यायची का?

पेयांवर नाही. कुणी आपुलकीने वागलं तर पैसे देताना ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’ म्हणायची जुनी रीत आहे. समोरचा छोट्या पेयाचे पैसे त्यात धरतो. टेबलावर वाढलेल्या जेवणाला सुमारे १० टक्के. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरला नाही ना, ते बघा.

आपल्याला परकं वाटेल का?

पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडमधले कित्येक पब गोऱ्यांखेरीज इतरांना आत घेत नसत किंवा वेगळ्या खोलीत बसवत. सार्वजनिक जागांतला असा भेद १९६५च्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने बेकायदा ठरवला. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच भागात पुढे पंजाबी मालकांनी पब चालवायला घेतले. त्या देसी पबमध्ये आज बिटरसोबत तंदुरी मिक्स ग्रिल मिळतो आणि गिऱ्हाइकं सगळ्या रंगांची असतात. खेड्यात तुम्ही आत शिरलात की सगळे एकदा मान वळवून बघतील, कारण अनोळखी माणूस तिथे रोज येत नाही. ‘आफ्टरनून’ म्हणा, हवेबद्दल बोला. काउंटरशी उभं राहिलात तर गप्पा सुरू होतात. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलात तर तुम्हाला निवांतपणा हवा आहे असं समजतात.

घंटा कशाची वाजते?

पहिली घंटा ‘लास्ट ऑर्डर्स’ची: आता शेवटचं मागून घ्या. दुसरी ‘टाइम’ची: विक्री बंद. त्यानंतर पेला संपवायला साधारण वीस मिनिटं देतात. निघताना रिकामे पेले काउंटरवर नेऊन ठेवले तर आत उभ्या माणसाचं काम हलकं होतं.

गावातला पब बंद पडतोय असं ऐकलं. गावकऱ्यांना काही करता येतं का?

येतं. २०११च्या लोकलिझम अ‍ॅक्टखाली गाव आपल्या पबची ‘समाजासाठी मोलाची मालमत्ता’ म्हणून कौन्सिलकडे नोंद करून घेऊ शकतं. मग मालकाने विकायला काढला तर बोली लावायची इच्छा कळवून गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ‘ओल्ड क्राउन’ २००३ साली गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. तुम्ही राहता त्या गावात अशी वर्गणी निघाली तर भाग घ्यायला दारू पिणारं असायची अट नाही, आणि प्रत्येक भागधारकाला एकच मत असतं.